वहीद सरांची गुंजाईश

वहीद सरांना दुसऱ्याची बॅग दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. चोरायला नव्हे, भरायला.

एकदा आम्ही दोघं मध्यवर्ती बसस्थानकावर उभे होतो. शेजारच्या बाकावर एक बाई बॅगेच्या चेनशी झटत होत्या. गुडघ्यानं दाबून झालं, लेकीला वर बसवून झालं, चेन काही लागेना. सरांनी दोन मिनिटं कळ काढली. मग "माफ करा हं ताई" म्हणत ते उकिडवे बसले आणि बाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत सगळं सामान बाकावर निघालं. साड्यांच्या सुरळ्या झाल्या, मोजे बुटांत गेले, बांगड्या डब्यात गेल्या, डबा शालीत गेला. चेन एका बोटानं सर्रकन लागली आणि वर हात घालायला जागा उरली.

बाई खूश. "तुमचं बॅगांचं दुकान हाय का हो?"

"नाही ताई. मी व्हायरसवर काम करतो."

बाईंनी लेकीचा हात धरला आणि त्या चार बाकं पलीकडं जाऊन बसल्या.

वहीद सर डॉक्टर आहेत, पण सुई टोचणारे नव्हेत. इथल्या विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. उंच, किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि खिशात शिंप्याची टेप. राहायला पडेगावला, दोन खोल्यांत, एकटेच. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "दोन खोल्यांत गुंजाईश किती असणार?" मी त्यांच्याकडं तंत्रज्ञ आहे. अकरा वर्षं झाली.

माझ्या मुलाखतीला मी आठवडाभर पाठांतर करून गेले होते. सरांनी त्यातलं काही विचारलं नाही. टेबलावर एक चुन्याची डबी ठेवली आणि पायजम्याची कोरी नाडी माझ्या हातात दिली. म्हणाले, "ज्योतीताई, ही डबीत भरा."

मी नाडीचा बोळा करून कोंबला. तो झाकणासकट वर उसळला.

"असं नक्को. एका टोकापासून. वेटोळं घालत घालत."

तसं केलं. जवळजवळ सगळी गेली, वीतभर बाहेर राहिली. ती काही केल्या मावेना. मी घाबरत विचारलं, "सर, कापू का?"

सर खुर्चीतून उठले. "हौ! हाच तर सवाल आहे! कापू का, आणि कापलं तर कुठं! या सवालावर माझी अर्धी उमर गेली." मला वाटलं माणूस वेडा आहे. तेवढ्यात त्यांनी सांगितलं की सोमवारपासून या.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. विषाणू म्हणजे प्रथिनाची एक अतिसूक्ष्म डबी, आणि तिच्यात वेटोळं घालून बसवलेला जनुकांचा धागा. डबी आधी तयार होते, मग एक इवलंसं यंत्र धाग्याचं टोक धरून तो आत रेटत जातं. आम्ही वापरतो तो विषाणू गरीब आहे, माणसाला आजारी पाडत नाही. त्याचा स्वतःचा सगळा माल काढून टाकायचा. धाग्याची दोन टोकं तेवढी ठेवायची, कारण ती टोकं ओळखूनच धागा आत घेतला जातो. मधल्या जागेत आपला चांगला जनुक बसवायचा. मग ही डबी रोग्याच्या पेशीत जाते आणि जनुक पोचवते. तिथं तो जनुक वाचून पेशी तिला हवं असलेलं प्रथिन तयार करते.

ऐकायला सोपं आहे. अडचण जागेची. या डबीत साधारण पावणेपाच हजार अक्षरांचा धागा मावतो; जनुकाची लांबी अक्षरांत मोजतात. सरांनी निवडलेला जनुक पावणेसात हजारांचा.

"मग जबरदस्तीनं भरला तर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"भरतो की. मावेल तेवढा घेतो, आणि मागची शेपूट गायब. अर्धी चिठ्ठी पोचते. 'अब्बांची तब्येत आता', एवढंच. बरी आहे का बिघडली, तुम्ही बसा विचार करत."

हा जनुक डोळ्याच्या पडद्यासाठी लागतो. तो जन्मतः बिघडलेला असला तर पडद्याच्या मधोमध असलेल्या पेशी तरुणपणीच मरायला लागतात. कडेचं दिसत राहतं, समोरचं पुसलं जातं. इतके जनुक असताना सरांनी नेमका हा न मावणारा का घेतला, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, अवघड आहे म्हणून घेतला असेल.

तर दिवसभर हेच डोक्यात, त्यामुळं सरांना सगळीकडं डब्याच दिसायच्या. जनुक न भरता तशाच तयार झालेल्या रिकाम्या डब्यांचा त्यांना फार राग. गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या डब्यांचे दोन थर वेगळे झाले की वरच्या थराकडं बघून ते पुटपुटायचे, "हरामखोर, नुसती हवा घेऊन आले."

हवेशी त्यांचं वैर होतं. एकदा औषधाची बोटाएवढी बाटली टीव्ही मावेल एवढ्या खोक्यात आली. सरांनी त्या कंपनीला पत्र लिहिलं: "आपण पाठवलेली हवा मिळाली, आभारी आहोत. सोबत चुकून एक बाटली आलेली आहे, ती ठेवून घेत आहोत."

लिक्विड नायट्रोजन आणायला ते चितेगावला जायचे. येताना सोबत सिलिंडर, म्हणून टेम्पो. जाताना मात्र पैठण रोडची शेअर रिक्षा. त्या रिक्षात सर बसले की बाकीच्यांना उठावं लागे. "आजी, तुम्ही इकडं. भाऊ, तुमचे पाय लांब, तुम्ही कडेला. बाळ मांडीवर, पिशवी पायाखाली." सगळे बसून एक माणूस जास्तीचा मावायचा. एका रिक्षावाल्यानं त्यांना सरळ विचारलं, "चाचा, रोज येता का? तुमचं भाडं नको."

आमच्या विभागप्रमुखांच्या निरोप समारंभात त्यांचं स्वतःचं भाषण चार पानांचं होतं. सरांनी आदल्या दिवशी ते मागून घेतलं. "गुंजाईश किती?" विचारलं. दहा मिनिटं, असं कळल्यावर पेन्सिल काढली. दुसऱ्या दिवशी प्रमुखांच्या हातात अर्धं पान आलं. ते लालबुंद झाले. सर शांतपणे म्हणाले, "दोन्ही टोकं ठेवलीयेत साहेब. 'सन्माननीय व्यासपीठ' आणि 'धन्यवाद'. मधलं जे तुम्ही मनापासून लिहिलं होतं तेही ठेवलंय. बाकी हवा होती." दुसरी प्रत हाताशी नव्हती, म्हणून प्रमुखांनी तेच वाचलं. ते एवढे मनापासून आयुष्यात पहिल्यांदाच बोलले आणि मागच्या रांगेतल्या शिपाईमामांनी डोळे पुसले.

आमचा स्वतःचा जनुक मात्र मावत नव्हता. तो कापून छोटा करायचा प्रयत्न फसला. कुठंही कापलं तरी प्रथिन निकामी व्हायचं. शेवटी आम्ही दुसरी वाट धरली. जनुकाचे दोन तुकडे करायचे, ते दोन वेगळ्या डब्यांत भरायचे, आणि पेशीत पोचल्यावर ते आपोआप जुळतील अशा आकड्या त्यांना लावायच्या. बोलायला एक वाक्य, करायला पाच वर्षं. कधी पहिलाच तुकडा पोचायचा, कधी दुसराच. कधी दोन्ही पोचायचे आणि एकमेकांकडं बघायचे नाहीत.

मग एका गुरुवारी दुपारी प्रथिनांच्या चाचणीच्या फिल्मवर एक पुसट काळी पट्टी दिसली, नेमकी जिथं अख्खं प्रथिन दिसायला हवं तिथं. काचेच्या बशीतल्या थोड्याशाच पेशींत, पण दोन तुकडे जुळले होते. सरांनी फिल्म उजेडाकडं धरली, टेपनं पट्टीचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. मग मला स्वतःची खुर्ची दिली आणि स्टुलावर बसून राहिले.

ही बातमी विद्यापीठातून बाहेर गेली ती मात्र फुगून गेली. एका स्थानिक पेपरात सरांच्या फोटोसकट मथळा आला: 'आता अंधांना दिसणार!' सरांनी संपादकांना कडक पत्र लिहिलं. चार दिवसांनी आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. ती आम्हालाही शोधावी लागली. मथळा मात्र सगळ्यांनी वाचला होता.

पुढच्या सोमवारी अकराच्या सुमारास एक माणूस आणि एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. माणसाच्या खांद्यावर घोंगडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला तो पेपर. सोनाजी त्यांचं नाव. सोयगावजवळच्या एका वस्तीवर मेंढरं राखतात. मुलगी शीतल, एकोणीस वर्षांची. बारावीला बसली होती, प्रश्नपत्रिका वाचताच आली नाही.

"सायेब," सोनाजीमामा म्हणाले, "पोरीच्या डोळ्यात ते पेपरात आलंय ते सोडा. आज सोडलं तर आजच्याच गाडीनं वापस जातो. मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आलोय."

सरांनी शीतलची फाईल उघडली. मोठ्या दवाखान्याच्या रिपोर्टवर आजाराचं नाव होतं. तोच आजार, तोच आमचा जनुक. सरांनी तो कागद दोनदा वाचला.

"मामा, बसा. पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं. आम्ही हे काचेच्या बशीत केलंय. माणसात नाही. अजून उंदरातसुद्धा नाही."

"मंग उंदराच्या आधी माणसात करा की. मी लिहून देतो."

"तसं करता येत नाही. जे कडेचं दिसतंय तेही गेलं, तर? मग मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

सोनाजीमामांनी पेपरची पिशवी मांडीवर सपाट केली. म्हणाले, "लई लांबून आलो, सायेब." मग लेकीकडं वळले. "तू विचार काय विचारायचं ते. आन् सायबाकडं बघून बोल की गं. कवाची खिडकीकडं बघतीस. लोकांला वाटतं, पोरगी उद्धट हाय."

"त्यांच्याकडंच बघतीय, आण्णा," शीतल म्हणाली. तिची मान खिडकीकडंच होती.

सरांचा फाईलवरचा हात थांबला. "बेटा, तू आत्ता कुठं बघतीयेस?"

"तुमच्याकडं. समोर बघितलं की तुमचं तोंड पुसल्यावानी होतं. खिडकीकडं बघितलं की कडंनं दिसता. निळा शर्ट हाय. चष्मा कपाळावर हाय."

सर उठले आणि बाहेर गेले. मी चहा टाकला. दहा मिनिटांनी सर आले तेव्हा तोंड धुऊन आले होते, शर्टाची कॉलर ओली होती. ते शीतलच्या समोरच्या खुर्चीत बसले नाहीत. खुर्ची थोडी बाजूला ओढून बसले.

"किती वर्षं लागतील, सर?" शीतलनं विचारलं.

"माहीत नाही."

"माझ्या टायमाला होईल का?"

मला वाटलं, आता सर दिलासा देतील. कुणीही दिला असता. सर म्हणाले, "बेटा, मी हो म्हणालो तर तू आज खूश होऊन घरी जाशील. पण मला खरंच माहीत नाही."

शीतलनं खिडकीकडं बघत मान हलवली. "बरं झालं सांगितलं. बाकीच्यांनी नुसते ड्रॉपच देले."

सर स्वतः त्यांना बसस्थानकावर सोडून आले. चार वाजता परत आले, स्टुलावर बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

"मला एक मोठी बहीण होती, ज्योतीताई. नसीम आपा. अम्मी लवकर गेली, आपानंच मला वाढवलं. शहागंजात राहायचो आम्ही. पंचविशीत तिची नजर गेली. हाच आजार. हा जनुक मी काय उगाच घेतला का?"

एवढ्या वर्षांत मी हे नाव पहिल्यांदा ऐकत होते.

"मी बोलायला बसलो की ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. मी कॉलेजात पहिला आलो. मार्कशीट घेऊन तिच्या पुढ्यात उभा राहिलो, तर ती कॅलेंडरकडं बघून हसली. मला राग आला. मी म्हणालो, 'आपा, एक बार तो मेरी तरफ देख लिया कर.'"

चष्मा कपाळावरून काढून सरांनी हातात घेतला.

"तिनं मान वळवली. अगदी माझ्या समोर तोंड केलं. आणि त्या दिवसापासून ती कायम तशीच बोलली, माझ्याकडं तोंड करून. शेवटपर्यंत. मी खूश होतो. मला वाटायचं, आता आपा माझ्याकडं बघते."

"सर..."

"तिला मी दिसत नव्हतो, ज्योतीताई. कॅलेंडरकडं बघायची तेव्हा दिसत होतो. मला बरं वाटावं म्हणून तिनं मला बघायचं सोडून दिलं. या जनुकाचं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. कडेचं दिसतं, हे मी शंभर वेळा लिहिलंय. पण कडेनं बघायचं तर मान फिरवावी लागते, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. ते त्या पोरीनं सांगितलं."

मशीन बंद करायची वेळ झाली होती, ती मी बंद केली.

त्यानंतर सर महिन्यातल्या एका रविवारी गायब व्हायला लागले. फोन लागायचा नाही. सोमवारी चपला धुळीनं भरलेल्या. विभागात कुजबूज सुरू झाली की सर या वयात लग्नाचं बघतायत. एका मॅडमनी तर मुलगी सिल्लोडची असल्याचंही ठरवून टाकलं. शेवटी वर्ष-दीड वर्षानं मी सरळ विचारलं.

"सोयगावला जातो," सर म्हणाले. "यायचंय का? एसटीनं. बॅग मात्र मी भरणार."

गेले मी. सिल्लोड मागं टाकून, अजिंठ्याचा घाट उतरून सोयगाव, तिथून पुढं वस्तीपर्यंत एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर दोन फेऱ्या. सोनाजीमामा रस्त्यावरच उभे होते. सर पाणी प्यायला विहिरीकडं गेले, तेव्हा मामांनी मला सगळं सांगितलं.

सर पहिल्यांदा आले ते थेट शीतलच्या कॉलेजातल्या शिक्षकांच्या घरी. त्यांच्याकडून अर्ज करवून घेतले आणि परीक्षेला लेखनिक मिळवून दिला. मग शहरातून एका बाईंना दोनदा घेऊन आले. डोळ्यांच्या कडेनं बघायचं कसं, पुस्तक कुठं धरायचं, मोबाईलवर अक्षर मोठं कसं करायचं, हे त्या शिकवतात. शीतल बारावी झाली. आता घरूनच बी. ए. करते आणि सकाळी वस्तीवरच्या लेकरांना पाढे शिकवते.

"पण वस्तीवर आल्या आल्या पहिलं काम काय केलं सायबानं, सांगू का ताई? समद्या वस्तीला मारुतीच्या पारावर गोळा केलं. मी म्हणलं आता भाषण व्हतंय. तर एकच गोष्ट बोलला. 'शीतल तोंड फिरवून बोलली तर ती तुमच्याकडंच बघतीये. तिला आपल्याकडं तोंड कर म्हणू नका.' झालं. खाली उतरला." मामांनी घोंगडी सारखी केली. "सायबाला रडू आलं व्हतं. कशापायी, ते काय मला समजलं नाय."

मी काही सांगितलं नाही. सांगायचं असेल तर सर सांगतील.

आमचं काम चालू आहे. आता आम्ही उंदरांपर्यंत आलोय. दोन तुकडे जुळतात, पण कमी पेशींत, आणि सर समाधानी नाहीत. शीतल दर वेळी विचारते, "कुठवर आलं, सर?" आणि सर जेवढं आलंय तेवढंच सांगतात.

त्या दिवशीही तिनं विचारलं, सरांनी सांगितलं. मग ती घरातून पाणी घेऊन अंगणात आली, तांब्या सरांच्या हातात देऊन पुढ्यात थांबली आणि मान मेंढरं कोंडलेल्या वाडग्याकडं वळवली.

"सर, बारीक झालात तुम्ही. आन् दाढी नाही केली आज."

"पहाटेची गाडी होती बेटा."

"हलू नका ना. हललात की जाता."

दुपारचे बारा वाजले होते. अंगणात सावलीचं नाव नव्हतं. सरांनी हातातला तांब्या खाली ठेवला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोटो काढायला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले. "नीट बघून घे. मला काही घाई नाही."

शीतल मेंढरांकडं तोंड करून हसत होती, आणि सर उन्हात, हात खाली सोडून, तिचं बघून होईपर्यंत तसेच उभे होते.